मधलं पोतं

शेठ,

या पत्रावर तुमचं नाव घालत नाही, गावही घालत नाही. दिवाळी उलटून तीन आठवडे झाल्यावर तुमच्या गोदामातून पंचवीस पोती मका माझ्या पिकअपमध्ये चढला, तेव्हा तुम्ही काट्याजवळ उभे होतात. तेवढी ओळख पुरे. तुमच्यासारखंच करणारा आणखी कुणी आपल्या जिल्ह्यात असेल, तर हे पत्र आपल्याच नावाने आलंय असं समजून त्यानेही वाचावं.

मी प्रवरेच्या काठचा. सात गाई, थोडा ऊस, थोडा घास. घरचा मका हिरवाच कापून मुरघासाला जातो, त्यामुळे भरड्याचा दाणा विकत घ्यावा लागतो. तुम्ही दारातलं पोतं उसवलंत आणि मूठभर दाणे माझ्या तळहातावर ठेवलेत. पिवळेधमक, टणक, दाताखाली टचकन फुटणारे. "आपल्याकडं दोन नंबर माल मिळायचाच नाही," असं म्हणालात. शब्द खरा होता. तुमच्याकडे दोन नंबर माल वेगळा मिळत नाही, कारण तो एक नंबरच्या पोटात भरलेला असतो.

पहिल्या सहा पोत्यांचा भरडा झाला, गाईंनी खाल्ला, काही कळलं नाही. सातवं पोतं चक्कीवर ओतताना कुबट वास आला. गोणपाट ओलं असेल असं मी मनाशी म्हटलं आणि भरडून टाकलं. ते मी करायला नको होतं. नाकाने सांगितलेलं मी ऐकलं नाही, आणि चार दिवस तोच भरडा गव्हाणीत पडत राहिला. पाचव्या दिवशी संकलन केंद्रावरून दूध परत आलं. फॅट बरोबर, डिग्री बरोबर, पाण्याचा थेंब नाही. तपासणीच्या पट्टीवर अफ्लाटॉक्सिन दिसलं, बुरशीचं विष.

दुधाची किटली घरी परत येते तेव्हा काय होतं ते तुम्हाला माहीत नसेल. गल्लीतले लोक बघतात. आपण पाणी घातलं असंच ज्याला त्याला वाटतं. माझी आई ओट्यावर बसली होती. तिने किटलीकडे बघितलं, मला काही विचारलं नाही, आणि उठून आठव्या पोत्याची दोरी सोडली.

तिने दोन शेर मका परातीत घेतला आणि उजेडात बसली. आधी सुपात घेऊन पाखडला. हलके दाणे पुढे आले, जड मागे राहिले. मग पुढचे एकेक करून परातीच्या कडेला लावायला लागली. एक दाणा तिने माझ्यासमोर धरला. कणसात रुतलेली त्याची टोकाकडची बाजू काळी पडलेली, कोंबाच्या जागेवर पातळ साल उचललेली, आणि त्या सालीखाली हिरवट पिवळी भुकटी. नखाने दाबला तर फुटला नाही, चुरला. आत काचेसारखा कडक भाग उरलाच नव्हता, नुसतं पीठ. वास बंद पेवाचा. पण त्या काळ्या दाण्याला खेटून जो दाणा होता तो लखलखीत. त्याच्या शेजारचाही. आई म्हणाली, "ह्यो मका भिजलेला न्हाई बाळा. ह्यो मिसळलेलाय."

पोतं पावसात भिजलं असतं तर एका बाजूने भिजलं असतं, दाण्यांचे गठ्ठे झाले असते, बुरशीने दाणा दाण्याला चिकटला असता. इथे प्रत्येक वाईट दाणा चार चांगल्या दाण्यांत एकटा होता. असं पावसाला करता येत नाही. त्याला फावडं लागतं, फरशी लागते, दोन ढीग लागतात आणि दोन्ही ढीग एकत्र ओढायला सांगणारा माणूस लागतो. शिवाय असली पोती गाडीच्या तळाला नव्हती आणि वरच्या थरातही नव्हती. सातव्यापासून चौदाव्यापर्यंत, मधल्या थरात. थप्पी लावणाऱ्या हमालाला ते ज्याने सांगितलं, त्यालाच मी हे लिहितोय.

बुरशीवर माझा राग नाही. अस्परजिलस फ्लेवस तिचं नाव. ती प्रत्येक शेताच्या मातीत असते, तुमच्याही आणि माझ्याही. कणीस भरताना पाण्याचा ताण पडला, अळीने दाणा पोखरला, काढणीच्या तोंडावर पाऊस आला, की तिला आत शिरायला वाट मिळते. २०१८ मध्ये लष्करी अळीने मक्याची कणसं कुरतडायला सुरुवात केल्यापासून अशा वाटा वाढल्या. दाण्यात ओल राहिली आणि गोदाम उबलं, की ती वाढते आणि वाढताना विष सोडते. त्या विषाचं नावच तिच्या नावावरून पडलंय. 'अस्परजिलस'चा 'अ', 'फ्लेवस'चा 'फ्ला', पुढे टॉक्सिन. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी पटापट मेले, तेव्हा जगाला ते कळलं. त्या पक्ष्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड होती. कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अफ्लाटॉक्सिनला तंबाखूच्या धुराच्याच पंगतीत बसवलंय, माणसाला कर्करोग करतं हे नक्की ठरलेल्या गोष्टींत. ते यकृतावर बसतं.

तुम्ही म्हणाल, गाईला चार दाणे काळे गेले तर काय एवढं. मग पंचमहाल आणि बांसवाड्याचं ऐका. ते परदेशात नाही, आपल्या शेजारच्या गुजरातेत आणि त्याला लागून असलेल्या राजस्थानात आहे. १९७४ च्या पावसाळ्यानंतर तिथल्या भिल्ल पाड्यांवर मका अवेळी पावसात भिजला. घरात दुसरं धान्य नव्हतं, तोच खाल्ला. लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी भरलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या डॉक्टरांनी गावं पालथी घातली. दोनशेच्या आसपास गावं, ३९७ आजारी, १०६ मृत्यू. त्या घरांतली कुत्रीही तशीच पोट फुगून मेली, कारण त्यांनाही त्याच मक्याची भाकरी मिळत होती. त्या लोकांनी काळा मका खाल्ला तो उपाशी राहायचं नव्हतं म्हणून. तुमच्या गोदामात काळा मका आला तेव्हा तुमच्यापुढे कुठली उपासमार उभी होती?

आता तुमच्या आवडत्या हिशेबावर येतो. एका वाईट पोत्याला चार चांगली पोती लावली की दोष पाचात एक उरतो, हा तुमचा हिशेब. विषाचं गणित असं चालत नाही. ते सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं. हजार दाणे निर्दोष असतात आणि एका दाण्यात भयंकर साठलेलं असतं. मक्याच्या एकेका दाण्यात अब्जात चार लाख भागांपर्यंत अफ्लाटॉक्सिन मोजलं गेलंय. दाण्याचं वजन साधारण पाव ते अर्धा ग्रॅम. आपल्याकडे माणसाच्या खाण्याच्या धान्याला कायद्याची मर्यादा अब्जात पंधरा भाग, म्हणजे एका टनात पंधरा मिलिग्रॅम. करा आकडेमोड. असा एकच दाणा सात ते तेरा किलो मक्याला मर्यादेपर्यंत नेऊन सोडतो. तुम्ही चार चांगल्या पोत्यांनी एक वाईट पोतं सुधारत नाही, एका वाईट पोत्याने चार चांगली पोती बिघडवता. युरोपात मर्यादेपेक्षा जास्त विष असलेला माल चांगल्यात मिसळून प्रमाण खाली आणायला कायद्यानेच मनाई आहे. त्या कायद्यात तुमच्या धंद्याचं वर्णन आहे, फक्त तिकडे त्याला गुन्हा म्हणतात.

गाईचा हिशेब तर आणखी सरळ आहे. गाय दिवसाला चार किलो भरडा खाते. त्यात अब्जात शंभर भाग विष असलं तर तिच्या पोटात चारशे मायक्रोग्रॅम गेलं. त्यातलं एक-दोन टक्के रूप बदलून दुधात उतरतं; जास्त दुधाच्या गाईत त्याहूनही जास्त. दोन टक्के धरा, आठ मायक्रोग्रॅम. गाय पंधरा लिटर देत असेल तर लिटरला अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या वर. आणि दुधाची मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम. गेलं दूध. सकाळी खाल्लेलं दुसऱ्या दिवशी धारेत येतं. तापवून जात नाही, पाश्चरायझेशनने जात नाही, दही लावून जात नाही. २०१८ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने देशभरातले ६,४३२ दुधाचे नमुने तपासले. सगळ्यांना भीती युरियाची, डिटर्जंटची. त्यापेक्षा जास्त नमुन्यांत सापडलं हे, ३६८ नमुन्यांत. दुधात भेसळ करणारा पकडला की त्याचा फोटो पेपरात येतो. ही भेसळ गाईच्या पोटातून गाळून येते, त्यामुळे फोटो यायचाच झाला तर गवळ्याचा येईल, तुमचा नाही.

माझ्या बाबतीत तोच खेळ झाला. मधली पोती बाजूला काढली, गाईंना नुसता घास, मुरघास आणि सरकी पेंड दिली. चौथ्या दिवशी दूध पट्टीवर स्वच्छ आलं. गाय चार दिवसांत तुमचा मका बाहेर टाकून मोकळी झाली. गल्लीतल्या लोकांच्या डोक्यातून तो अजून गेलेला नाही.

मी भांडायला आलो तेव्हा तुम्ही तीन गोष्टी सांगितल्यात. तिन्हींना उत्तर देतो.

पहिली, "शेतकरीच ओला माल आणतो." आणतो. वाळवायला खळं उरलेलं नाही, आभाळ भरून आलेलं असतं, सोसायटीचा हप्ता डोक्यावर असतो. रस्त्याच्या कडेला डांबरावर मका पसरणारे आम्हीच, आणि रात्रीच्या दवात तो पुन्हा ओला होतो हे माहीत असणारेही आम्हीच. पण त्या ओल्या मालाची घट तुम्ही आमच्याकडून आधीच कापून घेता. ओलावा मोजायचं यंत्र तुमच्या टेबलावर आहे. माल घेताना ते बोलतं: सतरा, अठरा, क्विंटलमागे एवढे किलो वजा. माल विकताना त्याची बॅटरी संपलेली असते. वाळवायचे पैसे तुम्ही घेतलेत, वाळवलं नाहीत.

दुसरी, "आम्ही ऊन दाखवतो, बुरशी मरते." बुरशी मरते, विष राहतं. ते तव्यावर भाजून पुरतं जात नाही, तुमच्या पत्र्यावरच्या उन्हाने काय जाणार. ऊन आधी लागतं, बुरशी यायच्या आधी. नंतरचं ऊन फक्त वास मारतं, आणि वास मारणं एवढ्यासाठीच तुम्ही ते दाखवता.

तिसरी, "पशुखाद्यात टॉक्सिन बाइंडर टाका की, आम्हीच देतो, पाव किलोची पुडी." हे ऐकून मी गप्प झालो, कारण माझ्यापुढे उभा असलेला माणूस एका हाताने विष आणि दुसऱ्या हाताने त्यावरचं औषध विकत होता, दोन्हीची पावती न देता. बाइंडर खोटा नाही. बेंटोनाइट मातीसारखा पदार्थ गाईच्या पोटात अफ्लाटॉक्सिनला धरून ठेवतो आणि बरंचसं शेणावाटे जातं. बरंचसं, सगळं नाही. बुरशीच्या इतर काही विषांवर तर तो फारसा चालतही नाही. तो जपून वागणाऱ्या माणसाचा आधार आहे, मिसळणाऱ्याचा परवाना नाही.

माझ्या आईचं माहेर पारनेरकडचं, बाजरीच्या मुलखातलं. तिला या गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. बाजरी फुलोऱ्यात असताना ढगाळ हवा आणि भुरभूर पाऊस राहिला की कणसातून मधासारखा चिकट द्रव गळतो आणि पुढे दाण्याच्या जागी काळसर गाठ धरते. तो अरगट. फुलाला वेळेवर पराग मिळाला तर अरगटाला आत जायची वाट बंद होते. पराग उशिरा आला तर तोच आधी शिरतो. माणसाने ती बाजरी खाल्ली की मळमळ, उलट्या, गरगरणं, दिवसभर झोपेची गुंगी. तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी साथ आली होती आणि १९५८ मध्ये डॉक्टरांनी तिच्यावर लिहिलंही. त्यावरचा उपाय आपल्या भागातल्या बाजरीवाल्या घरांना पाठ आहे. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ, त्यात बियाणं ओतायचं, हलवायचं, तरंगेल ते फेकायचं, बुडेल ते दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. कृषी विभागाचं पत्रकही हेच सांगतं. आई लहान होती तेव्हा वर तरंगलेले दाणे कोंबड्यांनाही टाकायचे नाहीत अशी घरची ताकीद होती. ते खड्ड्यात जायचे.

मला राग आहे तो इथे. पारनेरच्या कोरडवाहू घरातल्या बाईला, जिच्या कणगीत वर्षभराचं धान्य पुरतं भरत नव्हतं, वाईट दाणा वेगळा काढून फेकायला परवडत होतं. दोन गोदामं, चार ट्रक आणि ओलावा मोजायचं यंत्र असलेल्या तुम्हाला ते परवडत नाही.

आणि निवडणं तुम्हाला येत नाही असंही नाही. तुमच्या माणसांचे डोळे आईच्या डोळ्यांहून पटाईत आहेत. कुठलं पोतं दारात लावायचं आणि कुठलं थप्पीच्या पोटात, हे त्यांना अंधारात कळतं. वाईट दाणा तुम्हाला पक्का ओळखता येतो, म्हणूनच तो लपवता येतो. हेच डोळे, हीच चाळणी, हेच फावडं उलट दिशेने चालवलंत तर माझ्या तालुक्यातल्या निम्म्या गोठ्यांचं दूध सुधारेल. तुटका दाणा, सुरकुतलेला दाणा, धूळ आणि चुरा यांत विष सगळ्यात जास्त असतं. चाळून आणि पाखडून तेवढंच काढलं तरी मोठा वाटा बाहेर जातो. माल आला त्या दिवशी फरशीवर नाही, ताडपत्रीवर पसरायचा. बारा-तेरा टक्क्यांवर आल्याशिवाय पोत्यात भरायचा नाही. थप्पी भिंतीपासून हातभर लांब, खाली लाकडी फळ्या. काळा निघालेला ढीग वेगळा ठेवायचा, कमी भावात, काय आहे ते सांगून, अन्न किंवा चाऱ्यात जाणार नाही अशा ठिकाणी. यात असं काही नाही जे तुम्हाला राहुरीच्या कृषी विद्यापीठातून शिकून यावं लागेल. विद्यापीठ तुमच्या गोदामापासून मोटारसायकलच्या अंतरावर आहे, तरी विचारायला गेलात तर चांगलंच.

तपासायची साधनंही आता फार लांब राहिली नाहीत. भरडलेल्या मक्यावर अतिनील दिव्याचा प्रकाश टाकला की बाधित दाण्याचे कण हिरवट पिवळे चमकतात. तो पुरावा नाही, पण इशारा आहे, आणि अंधाऱ्या खोलीत दोन मिनिटांत मिळतो. पट्टीची तपासणी तर दूध केंद्रावर होते, तशीच धान्याचीही असते. फक्त नमुना कसा घ्यायचा ते नीट हवं. दारातल्या पोत्यातून मूठभर घेऊन काही कळत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार. मोठ्या मालाला युरोपात शंभर ठिकाणांहून थोडं थोडं काढून दहा किलोचा एक नमुना करतात, तो सगळा भरडून, एकत्र करून मग तपासतात. माझ्या पंचवीस पोत्यांना शंभर ठिकाणं नकोत. पंचवीस पुरतील. प्रत्येक पोत्यात नमुना काढायची लोखंडी नळी एकदा खुपसायची.

आईने निवडलेल्या दाण्यांपैकी दोन ओंजळी मी काचेच्या बरणीत भरून, झाकण घट्ट लावून ठेवल्यात. बाकीचं तिने सांगितलं तसं खड्ड्यात गेलं, उरलेली सातही पोती. तुम्ही म्हणालात "पुढच्या वेळी बघू", म्हणजे भावात थोडं कमी करू. मला भाव कमी नकोय. पौष लागला की माझा दाणा पुन्हा संपेल आणि मला कुणाकडे तरी जावंच लागेल, तुमच्याकडे नाहीतर तुमच्या शेजाऱ्याकडे. तुमच्याकडे आलो तर गाडी काट्यावर घ्यायच्या आधी थप्पीचा मधला थर खाली काढायचा. कुठलं पोतं उसवायचं ते मी सांगेन. परात मी घरून आणतो, सूपही आणतो. आणि आई येते म्हणाली आहे.